४५ हजारांचे बूट ईएमआयवर घ्यावेत का?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. वय २९, जूनपासून मुंबईत बीकेसीला कन्सल्टिंगची नवी नोकरी, आठवड्यातले चार दिवस क्लायंटकडे फॉर्मलमध्ये जायचं. हातात पगार ७८ हजार, एसआयपी १० हजार, अडीअडचणीसाठी सेव्हिंग खात्यात ९० हजार, आणि क्रेडिट कार्डावर २२ हजार थकलेत, त्याचा दर महिन्याला फक्त मिनिमम ड्यू भरला जातोय. इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टनला बनलेले गुडइयर वेल्टेड ऑक्सफर्ड (लेसचे फॉर्मल बूट) घ्यायचेत, ४५ हजार, नऊ महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर. मित्र म्हणतो २० वर्षं टिकतात, ही इन्व्हेस्टमेंट आहे. बाबा म्हणतात एवढ्यात १५ जोड येतील. भारतात बनलेले वेल्टेड बूटही १४ हजारांना बघून ठेवलेत. काय करू?

आधी उत्तर देतो, मग कारणं सांगतो. ४५ हजारांचे आत्ता घेऊ नका. १४ हजारांचे घ्या, पण दिवाळीनंतर आणि रोख पैशांनी. आणि आज, म्हणजे हे वाचून झाल्यावर लगेच, त्या ९० हजारांतून कार्डाचे २२ हजार पूर्ण भरून टाका.

बुटांचा प्रश्न विचारलात आणि मी कार्डावर आलो याचा राग मानू नका, पण तुमच्या पत्रातला सगळ्यात महाग आकडा ४५ हजार नाहीच, तो २२ हजार आहे. कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के धरले तरी ७७० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास ९०० रुपये दर महिन्याला जाताहेत, आणि तेच ९० हजार सेव्हिंग खात्यात वर्षाला जेमतेम अडीच-तीन टक्के कमावताहेत. वर आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते, थकबाकी पुढे ढकलली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, म्हणजे तुम्ही परवा कार्डावर भरलेल्या पेट्रोलवरही पहिल्या दिवसापासून व्याज चालू आहे.

आता नो कॉस्ट ईएमआय. २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना शून्य टक्के व्याजाच्या स्कीम्सना मनाई केली, तेव्हापासून हे असं चालतं की बँक व्याज लावतेच, फक्त तेवढा डिस्काउंट दुकानदार किंवा कंपनी आधी देते. ४५ हजारांवर नऊ महिन्यांचं १६ टक्क्यांनी व्याज होतं साधारण तीन हजार, ते डिस्काउंटमध्ये वळतं होतं पण त्या व्याजावरचा जीएसटी, पाचशे-साडेपाचशे रुपये, तो तुम्हीच भरता, शिवाय प्रोसेसिंग फी. रक्कम मोठी नाही हे मान्य. पण जो डिस्काउंट व्याजात जिरला तो रोख घेताना मागितला तर मिळाला असता का हे कोणी विचारत नाही, तुम्ही विचारा.

बरं, आता बूट. मला स्वतःला हा विषय फार आवडतो त्यामुळे इथे जरा वेळ घेणार आहे.

वेल्ट म्हणजे चामड्याची एक अरुंद पट्टी, बुटाच्या कडेने फिरणारी. वरचं चामडं, अस्तर आणि आतला तळ हे या पट्टीला शिवलेलं असतं, आणि खालचा सोल वेगळ्या शिलाईने त्याच पट्टीला शिवलेला असतो. दोन शिलाया वेगळ्या, म्हणून सोल झिजला की फक्त खालची शिलाई उसवायची, नवा सोल लावायचा, वरच्या बुटाला धक्का नाही. मधल्या पोकळीत कॉर्क भरतात, तो काही आठवड्यांत तुमच्या पावलाच्या आकाराने दबतो. गुडइयर म्हटलं की लोकांना टायर आठवतो, पण टायर कंपनी १८९८ ची, आणि हे नाव रबर व्हल्कनाइझ म्हणजे गंधक घालून तापवून टिकाऊ करणाऱ्या चार्ल्स गुडइयर यांच्या मुलाचं, त्याने १८७० च्या दशकात हे शिवणारं मशीन पुढे आणलं आणि जे काम हाताने तासन्‌तास चालायचं ते कारखान्यात व्हायला लागलं. नॉर्दॅम्प्टनशायरमधल्या बऱ्याच नावाजलेल्या कंपन्या त्याच्या आगेमागेच्या, क्रॉकेट अँड जोन्स १८७९ ची, तिथल्याच केटरिंग गावातली लोक (Loake) कंपनी १८८० ची.

आपल्याकडे बाजारात मिळणारे बहुतेक फॉर्मल बूट पेस्टिंगचे, म्हणजे सोल सरळ चिकटवलेला. त्यात वाईट काही नाही, हलके असतात, पहिल्या दिवसापासून मऊ असतात. फक्त सोल गेला की बहुतेक वेळा बूट गेला.

आणि इथेच तुमच्या मित्राचं वाक्य तपासायला हवं. वेल्ट म्हणजे टिकाऊपणाची गॅरंटी नाही, सोल बदलता येण्याची सोय आहे. ती सोय तुम्ही वापरली तरच तिचे पैसे वसूल. वरचं चामडं हलक्या प्रतीचं असेल तर ते दोन वर्षांत चिरा पडून जाणार आणि खालची वेल्ट नुसती बघत राहणार. गुडइयर पद्धतीत आतल्या तळाला कापडी कड चिकटवलेली असते आणि शिलाई तिच्यातून जाते, म्हणजे चिकटवण इथेही आहेच, ज्यांना तेही नको ते हाताने वेल्ट केलेले घेतात, त्यात शिलाई थेट जाड चामड्याच्या तळात असते. सोलही अमर्याद वेळा बदलत नाही, दोन-तीनदा झालं की पट्टीच भोकांनी थकते, ती बदलायची तर काम मोठं.

आता हिशोब करू, आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमचे टाकून बघा. ३ हजारांचा पेस्टिंगचा बूट २५० वेळा घातलात तर एका दिवसाचे १२ रुपये. १४ हजारांचा वेल्टेड, दोनदा सोल बदलला प्रत्येकी ३ हजार धरून, अडीच हजारांचे शू ट्री (आकार टिकावा म्हणून बुटात ठेवायचे लाकडी साचे) आणि क्रीम, एकूण २२,५००, आणि १,२०० वेळा घातलात, तर १८ रुपये ७५ पैसे. ४५ हजारांचा, तीनदा सोल बदलून १,६०० वेळा, एकूण ५६,५००, म्हणजे दिवसाला ३५ रुपये.

म्हणजे बाबांचं गणित बरोबर आहे. महागडा बूट शेवटी स्वस्त पडतो हे वाक्य ३ हजारांच्या बुटासमोर टिकत नाही, त्या १,२०० दिवसांच्या आधी हातातून गेलेल्या १४ हजारांची किंमत तर मी धरलीच नाही. पण हाच हिशोब मॉलमधल्या ६ हजारांच्या पेस्टिंगच्या ब्रँडेड बुटाशी करा, तोही तेवढेच २५० दिवस चालला तर दिवसाला २४ रुपये, आणि तिथे १४ हजारांचा वेल्टेड सरळ जिंकतो. माझ्या मते खरी फसवणूक होते ती या पाच ते आठ हजारांच्या मधल्या पट्ट्यात, जिथे आपण नावाचे आणि डब्याचे पैसे देतो आणि खाली तोच चिकटवलेला सोल असतो.

१४ आणि ४५ मधला फरक कशाचा? चामड्याची निवड, बारीक शिलाई, फिनिशिंग, इंग्लंडमधली मजुरी, कस्टम ड्युटी, वर जीएसटी, आणि नाव. यातलं पहिलं-दुसरं खरंच दिसतं, हातात घेतलं की कळतं, मी ते नाकारत नाही. पण तीन पट किमतीला आयुष्य तीन पट मिळत नाही. तमिळनाडूत अंबूर, वाणियंबाडी, राणीपेट हा सगळा पट्टा कित्येक पिढ्या चामडं कमावतोय आणि परदेशी ब्रँडसाठी बूट शिवतोय, तिकडचं कौशल्य आता थेट आपल्याला मिळतंय याचा फायदा घ्या.

दुकानात गेल्यावर काय बघायचं ते सांगतो, कारण वेल्टेड लिहिलेलं सगळं वेल्टेड नसतं. कडेला टाके दिसले म्हणून खूश होऊ नका, रबराच्या पट्टीवर टाक्यांचा नुसता साचा उठवून चिकटवलेले बूट भरपूर आहेत. कडेचे टाके नखाने चाचपा, दोरा खरा आहे का, मग बूट उलटा करून सोलच्या खाली तीच शिलाई दिसते का बघा, चामड्याच्या सोलमध्ये ती कधी कधी खाचेत झाकलेली असते, तेव्हा दुकानदाराला स्पष्ट विचारा. आत हात घालून पुढच्या भागातला तळ चाचपा, तिथे गोल शिलाई लागली तर तो ब्लेक स्टिच, म्हणजे सोल आरपार शिवलेला. तोही सोल बदलता येणारा बूट आहे, सडपातळ दिसतो, फक्त पावसात पाणी त्या टाक्यांतून वर यायला वाट मिळते.

चामडं अंगठ्याने दाबा. चांगल्या फुल ग्रेन, म्हणजे वरचा थर न घासलेल्या, चामड्यावर बारीक सुरकुत्या उठतात आणि सोडलं की विरतात. वरून घासून जाड रंगाचा थर दिलेलं असेल तर ते प्लॅस्टिकसारखं सपाट चकाकतं, आणि सहा महिन्यांत वाकण्याच्या जागी रंग तडकतो. जेन्युइन लेदर या शिक्क्यावर जाऊ नका, त्यातून फक्त चामडं आहे एवढंच कळतं, कुठल्या प्रतीचं ते नाही. आतला तळ चामड्याचा की पुठ्ठ्यासारख्या फायबरचा तेही विचारा, रोज घाम पिणारी जागा ती आहे.

सोल मात्र रबराचाच घ्या. चामड्याचा सोल देखणा, पण मुंबईच्या ओल्या प्लॅटफॉर्मवर घसरतो आणि भिजला की भराभर झिजतो. आणि पीयूच्या (पॉलियुरेथेनच्या) सोलपासून जपा, तो हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो, न वापरताही. लग्नात एकदा घालून डब्यात ठेवलेले बूट चार वर्षांनी काढले आणि चालता चालता सोलचा भुगा पडला, हे आमच्याच घरात माझ्या भावाच्या पायात झालंय, ऐन साखरपुड्याच्या दिवशी.

मापाबद्दल हात जोडून सांगतो, ऑनलाइन अंदाजाने मागवू नका. संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. घालून सैल होतील असं सेल्समन म्हणतो ते रुंदीपुरतं खरं, लांबी कधी वाढत नाही. मी स्वतः दहा वर्षांपूर्वी सेलमध्ये स्वस्त मिळतायत म्हणून अर्धा नंबर लहान वेल्टेड जोड घेतला होता, चामडं अप्रतिम, तो मी एकूण नऊ वेळा घातला. दिवसाला किती पडला ते काढून बघा, कुठल्याही ४५ हजारांच्या बुटापेक्षा महाग. तुमच्या हिशोबातले १,२०० दिवस हे सगळं पायाला बसण्यावर उभं आहे.

पैसे देण्याआधी अजून एक प्रश्न, सोल तुम्ही बदलून देता का, किती घेता, किती दिवस लागतात. उत्तर धड मिळालं नाही तर बूट तिथेच ठेवा. आपल्याकडे कोपऱ्यावरचे चर्मकार बंधू शिलाई, टाच, पातळ रबर हे उत्तम करतात, पण वेल्टवरून पूर्ण सोल उसवून नवा शिवण्याचं काम करणारे हात मोजकेच आहेत. आपल्या आजोबांच्या कोल्हापुरीचा तळ चामड्याच्या वादीनेच शिवलेला असायचा आणि उसवला की परत शिवून यायचा. दुरुस्त करून वापरायची वस्तू ही आपल्याला नवी नाही, दुरुस्त करणारा माणूस जवळ हवा.

तर आता तुमचा क्रम. आज २२ हजार कार्डात. ईएमआयला दरमहा पाच हजार जाणार होते ना, तेच जूनपासून बाजूला टाका, ऑक्टोबर अखेर पाच महिन्यांत २५ हजार होतात, म्हणजे इमर्जन्सीची रक्कम परत ९० वर येऊन तीन हजार उरतात. कार्डाचं दरमहा ९०० रुपयांचं व्याज थांबलं त्याचे साडेचार हजार वेगळे. नोव्हेंबर-डिसेंबरचे दहा हजार मिळवले की १४ हजारांचे बूट आणि अडीच हजारांचं सामान, सगळं रोख. एसआयपीला हात लावायचा नाही.

जूनसाठी रबर सोलचा साधा काळा जोड घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर जीएसटी ५ टक्के आहे आणि त्याच्या वर १८, म्हणून २,८००-२,९०० चा जोड आवडला तर त्याच्या शेजारचा अडीच हजारांच्या आतला आधी घालून बघा. पावसाळाभर तोच वापरा. डिसेंबरात नवे आले की एक दिवस हा, एक दिवस तो, चामड्याला घाम सुकवायला एक दिवसाची सुट्टी लागते, आणि भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ठेवा, हीटर किंवा उन्हाजवळ अजिबात नको, चामडं तडकतं.

आणि नॉर्दॅम्प्टनचे कधीच नाहीत का? जरूर घ्या, कार्ड शून्यावर असेल, सहा महिन्यांचा खर्च बाजूला असेल आणि १४ हजारांच्या जोडाचा पहिला सोल तुम्ही स्वतः झिजवून बदलून घेतलेला असेल तेव्हा. फक्त त्या दिवशी वहीत तो खर्च आवडीच्या रकान्यात लिहा, गुंतवणुकीच्या नाही. आणि डिसेंबरात बूट घेतलेत की डावा-उजवा दोन्ही पायांत घालून दुकानात दहा मिनिटं चाला, टाच उचलते का आणि करंगळी दाबते का ते मला कळवा, मगच बिल करा.