हप्ता झेपेल का, हिस्सा द्यावा का?

साकीनाक्याला माझा टर्निंगचा, म्हणजे लेथकामाचा गाळा आहे. 32 लाखांचं व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग मशीन घ्यायचंय. बँक 24 लाख देते. उरलेले 8 लाख सीसीतून (बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातून) काढले तर चालेल का?

कृपा करून काढू नका. सीसी कच्च्या मालासाठी आणि उधारीसाठी असते; गिऱ्हाइकाचे पैसे आले की ती पुन्हा मोकळी होते. मशीनमध्ये घातलेले 8 लाख मात्र वर्षानुवर्षं अडकतात. मग लिमिट कायम भरलेली, कच्चा माल आणायला पैसा नाही, आणि ऑर्डर हातात असूनही कोरं मशीन ताडपत्रीखाली झाकलेलं. मरोळपासून वसईपर्यंत हे मी पाहिलंय, आणि दर वेळी जीव तुटतो.

आधी हप्ता मांडा. 24 लाख, साडेदहा टक्के, पाच वर्षं धरली तर महिन्याला सुमारे 51,600 रुपये. ऑपरेटरचा पगार, वीज, टूलिंग जाऊन मशीनने याच्या दीडपट, म्हणजे 77 हजारांच्या आसपास सोडायला हवेत. हिशेबात आज हातात असलेलंच जॉबवर्क धरा, ‘पुढच्या महिन्यात देतो’ म्हणणारं नको. मार्जिनचे, म्हणजे बँक देत नाही ते 8 लाख स्वतःचे किंवा घरातले, ज्यांना हप्ता नाही असेच हवेत. तेवढे जमत नसतील तर चांगलं सेकंडहँड मशीन बघा. अडचण तारणाची असेल, तर सीजीटीएमएसई या लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टच्या हमीवर कर्ज बसतं का, हे बँकेत विचारा.

भांडुपला पॅकेजिंगचं युनिट आहे, प्रोप्रायटरशिप, म्हणजे माझ्या एकट्याच्या मालकीचं. मेहुणे 20 लाख घालायला तयार आहेत, पण 30 टक्के हिस्सा मागतात. व्याज वाचेल ना?

व्याज वाचेल, पण 20 लाखांना 30 टक्के म्हणजे पैसे आल्यावरचा धंदा सुमारे 66.67 लाखांचा; त्यातून त्यांचे 20 गेले की तुमच्या आजच्या धंद्याची किंमत जेमतेम पावणेसत्तेचाळीस लाख धरली. मशीनं, डाय, बांधलेली गिऱ्हाइकं बघा आणि कर्ज वजा करा. मग ही किंमत पटते का ते ठरवा. शिवाय कर्जाचं व्याज खर्चात धरता येतं, भागीदाराचा नफ्यातला वाटा नाही.

प्रोप्रायटरशिपमध्ये हिस्सा देताच येत नाही. आधी भागीदारी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड करावी लागेल. प्रायव्हेट लिमिटेड केलीत तर विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात. म्हणजे 30 टक्केवाले मेहुणे आर्टिकल्स, म्हणजे कंपनीची नियमावली बदलण्यासारखा निर्णय एकटे अडवू शकतील. मी तुमच्या जागी असतो तर चौथाईच्या आतच थांबलो असतो. आणि बाहेर पडायचं झालं तर हिस्सा कोण, कोणत्या भावाने घेणार, हे आजच कागदावर आणलं असतं. नातं जपायचं असेल तर हा कागद हवाच.

मोठी कंपनी 90 दिवसांनी पैसे देते. गुंतवणूकदार आणू का?

उधारीपायी मालकी विकू नका. तुमचं युनिट सूक्ष्म किंवा लघु गटात असेल आणि सरकारची उद्यम नोंदणी असेल, तर लेखी करार असला तरी मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. गिऱ्हाईक दुखवायचं नसेल तर ट्रेड्सवर, म्हणजे लहान उद्योगांची बिलं वटवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर, बिल चढवा. कंपनीने ते स्वीकारलं की बँक कसर कापून तुम्हाला पैसे देते, आणि कंपनीने नंतर बुडवले तरी वसुली तुमच्याकडून होत नाही. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. उद्याच त्यांच्या अकाउंट्स खात्याला फोन लावा आणि नोंदणी झालीय का ते विचारा.