शेंडा पिवळा की बूड पिवळे?

प्रश्न : आम्ही कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात, वॉटर्लू परिसरात राहतो. इथल्या कायद्याने दिलेल्या मुभेनुसार परसात गांजाची चार झाडे लावली आहेत. तीन जमिनीत आणि एक कुंडीत. जुलैच्या मध्यापासून जमिनीतील झाडांची शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडत आहेत, शिरा मात्र हिरव्याच आहेत. नत्राचे द्रवखत दोनदा दिले, तर पानांची टोके करपली आणि पिवळेपणा तसाच राहिला. कुंडीतील झाडाची खालची पाने सरसकट पिवळी होऊन गळत आहेत. पाणी घरच्या विहिरीचे असून त्यात क्षार भरपूर आहेत. कोणते खत द्यावे?

उत्तर : आपण दिलेल्या वर्णनात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दोन्हींवर एकच खत चालणार नाही. पिवळेपणा दिसला की आपण आधी रंगाकडे पाहतो. पाहायला हवे ते तो झाडाच्या कोणत्या भागापासून सुरू झाला याकडे. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये झाडाच्या अंगात फिरू शकतात, त्यामुळे त्यांचा तुटवडा पडला की झाड जुन्या पानांतील साठा काढून शेंड्याला पुरवते आणि खूण खालच्या पानांवर उमटते. लोह, मँगनीज, जस्त, बोरॉन आणि कॅल्शियम एकदा पानात बसले की तेथून फारसे हलत नाहीत, म्हणून त्यांची कमतरता नव्या पालवीवर दिसते. गंधकही बहुधा याच बाजूला मोडते, परंतु त्याच्या कमतरतेत कोवळे पान शिरांसह फिकट होते.

जमिनीतील आपल्या झाडांचे शेंड्याचे पान पिवळे आणि शिरा हिरव्या आहेत, हे लोहाच्या कमतरतेचे ठळक लक्षण आहे. मात्र मातीत लोह नाही असा याचा अर्थ होत नाही. दक्षिण ऑन्टॅरिओतील पुष्कळशी माती चुनखडीच्या खडकापासून झालेली आहे, आणि आपण तिला वर विहिरीचे जड पाणी देत आहात. मातीचा सामू, म्हणजे तिचा आम्ल-अल्कधर्मीपणा दाखवणारा आकडा (पीएच), सातच्या वर गेला की लोह मुळांना घेता येईल अशा रूपात उरत नाही. या झाडाला सहा ते पावणेसातच्या आसपासचा सामू मानवतो. माती सतत ओली राहिली तर चुनखडीच्या जमिनीत बायकार्बोनेट वाढते आणि अडचण आणखी बळावते. नत्राच्या खताने गुण आला नाही यात नवल नाही, कारण नत्राची उणीव नव्हतीच. उलट ते नायट्रेट स्वरूपाचे असेल तर ते शोषून घेताना मुळांभोवतीचा सामू थोडा चढतो. करपलेली टोके ही जादा खताची खूण आहे, तेव्हा जमिनीतील झाडांचे खत सध्या पूर्ण थांबवावे.

निदान पक्के करण्याची एक जुनी आणि खात्रीची रीत आहे. फेरस सल्फेटचे अगदी सौम्य द्रावण, एक लिटर पाण्यात दोन ते तीन ग्रॅम, तयार करून ते एका पिवळ्या पानाच्या अर्ध्याच भागावर मऊ कुंचल्याने संध्याकाळी लावावे. आठ-दहा दिवसांत तेवढाच भाग हिरवा झाला तर दोष लोहाचाच आहे. काहीच फरक न पडल्यास मँगनीजचा विचार करावा लागेल, कारण त्याची लक्षणे पुष्कळशी अशीच असतात. दुकानातून पाच बाटल्या आणून सगळ्याच झाडांवर ओतण्यापेक्षा एका पानाला विचारलेला हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

उपाय करताना चिलेटेड लोहाच्या, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधून ठेवलेल्या लोहाच्या, वेष्टनावरील अक्षरे नीट वाचावीत. ईडीटीए प्रकारचे चिलेट सामू साडेसहाच्या वर गेल्यावर टिकत नाही. चुनखडीच्या मातीत ईडीडीएचए प्रकारचेच घ्यावे आणि ते मुळाशी द्यावे. गंधकाची भुकटी सामू उतरवते, पण ते काम मातीतील जिवाणू महिनोन्‌महिने करतात, म्हणून या हंगामात तिचा उपयोग नाही. पावसाचे पाणी पिंपात साठवून तेच वापरणे आणि दोन पाण्यांच्या मधे मातीला वाफसा येऊ देणे, म्हणजे जादा ओल निघून तिच्यात हवा खेळू देणे, एवढ्यानेही बराच फरक पडेल. चुना किंवा लाकडाची राख चुकूनही टाकू नये.

कुंडीतील झाडाचे गणित सोपे आहे. सरसकट पिवळी होऊन गळणारी खालची पाने नत्राची भूक दाखवतात. कुंडीतील माती थोडी आणि पाणी रोजचे, त्यामुळे नत्र धुपून जाते. संतुलित द्रवखत वेष्टनावरील मात्रेच्या निम्म्याने द्यावे. पिवळे झालेले जुने पान पुन्हा हिरवे होत नाही, म्हणून गुण आला की नाही हे नव्या पानांवरून ठरवावे. खालच्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असता तर मी मॅग्नेशियम म्हटले असते, आणि पानांच्या कडा करपत असत्या तर पालाश. पालाशाचा मारा जास्त झाला तरी मॅग्नेशियम अडते, हेही ध्यानात असू द्यावे.

खत देण्यापूर्वी पान उलटून पाहावे. पांढऱ्या कागदावर पान झटकल्यावर बारीक ठिपके चालू लागले तर तो लाल कोळी आहे, आणि दमट हवेत खालच्या पानांवर तपकिरी गोल डाग पडले तर ती बुरशी आहे. या दोन्हींवर खत हा उपाय नाही. जांभळे देठ पाहून लगेच स्फुरद देऊ नये, कारण तो काही वाणांचा उपजत रंग असतो आणि मे महिन्यातील गार मातीतही तो दिसतो. सप्टेंबरात, फुले पक्व होत असताना, खालची पाने पिवळी पडणे स्वाभाविक आहे. त्या वेळी नत्र देऊन झाडाला उगाच हिरवे ठेवण्याचा प्रयत्न करू नये.

प्रश्न : मी नाशिकला राहतो. कुतूहल म्हणून गच्चीवर असे एखादे झाड लावले तर चालेल का?

उत्तर : नाही. कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून हे कायदेशीर आहे. आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली परवान्याशिवाय या झाडाची लागवड करणे हा गुन्हा आहे आणि त्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. एकच झाड आहे किंवा हौसेने लावले आहे, याने तो गुन्हा टळत नाही. पाने वाचण्याचे कुतूहल असेल तर चुनखडीच्या रानातील भुईमूग किंवा ऊस पाहावा. ऊस पिवळा पडल्यावर आपले शेतकरी ‘केवडा पडला’ म्हणतात, तेथेही बहुधा वर सांगितलेली लोहाचीच अडचण असते, आणि फेरस सल्फेटची अर्ध्या पानाची परीक्षा तेथे जशीच्या तशी करता येते. केवडा सबंध शेतात न दिसता उंचवट्यांवर किंवा पाणी साचणाऱ्या पट्ट्यांतच दिसत असेल, तर मातीचा नमुना त्या पट्ट्यांतून आणि हिरव्या भागातून वेगवेगळा घ्यावा. दोन्ही मातींची सरमिसळ करून पाठवलेल्या नमुन्यातून काहीच कळत नाही.