वाचकांचे प्रश्न : पाण्याची रांग आणि फिल्मची धुलाई

प्रश्न : बोस्नियाची राजधानी सारायेव्होच्या वेढ्यातल्या (१९९२-९६) फोटोंत लोक बाबागाडीवर नाहीतर बर्फातल्या घसरगाडीवर पाण्याचे कॅन ओढताना दिसतात. शहरातून नदी वाहत असताना एवढे हाल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : मिल्यात्स्का नदी उथळ, घाण आणि बऱ्याच ठिकाणी नेमबाजांच्या टप्प्यात. पिण्याचं पाणी मुख्यतः यायचं ते इलिजा या उपनगराजवळच्या बाचेव्होच्या विहिरींतून, आणि ती जागा वेढा घालणाऱ्या सर्ब फौजांच्या ताब्यात. पंप विजेवर चालणारे, त्यामुळे वीज तोडली की नळ कोरडे. उरले उतारावरचे झरे आणि बिअरच्या जुन्या कारखान्यातलं पाणी. वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो, तोही लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत जिन्याने चढवायचा. रांगही सुरक्षित नव्हती. १२ जुलै १९९३ रोजी दोब्रिन्या वस्तीत पाण्याच्या रांगेवर तोफगोळा पडून दहाहून अधिक माणसं गेली.

हे फोटो बघताना माणसांच्या मागेही नजर टाका. आडवे लावलेले कंटेनर गोळी अडवायला असत. दोरीवर टांगलेलं कापड गोळी थोडंच अडवणार? ते नेमबाजाला पलीकडचं दिसू नये म्हणून. काचेऐवजी खिडकीला ताणलेलं प्लास्टिक मदतसंस्थांनी वाटलेलं. पार्कातली झाडं नाहीशी झालेली दिसतात, कारण ती चुलीत गेली. चौकात लोक धावतात त्या कोपऱ्यावर काही फोटोग्राफर कॅमेरा रोखून थांबत, आणि गावकऱ्यांना त्याचा राग येई. तो रास्तच होता.

प्रश्न : नळाला पाणी नाही, खोली गारठलेली. अशात ब्लॅक अँड व्हाइट फिल्म डेव्हलप करता येते का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : येते, दोन लिटरच्या आत. ३५ मिमीच्या एका रोलच्या टाकीला (फिल्म ठेवून रसायनं ओतायचा झाकणबंद डबा) साधारण ३०० मिली द्रव लागतो. डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन), मधल्या धुण्याचं पाणी, फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) धरून ९०० मिली झाले. खरी नासाडी होते ती धुण्यात, वाहत्या नळाखाली. त्याऐवजी टाकी भरून ५ वेळा उलटीसुलटी करा आणि ओता. पुन्हा भरून १० वेळा, मग २० वेळा. म्हणजे आणखी ९०० मिली. मात्र फिक्सर हार्डनर (फिल्मवरचा थर कडक करणारं रसायन) नसलेला, रॅपिड म्हणजे झटपट काम करणारा हवा.

घोळ होतो तो थंडीने. मेटॉल आणि हायड्रोक्विनोन या दोन रसायनांच्या डेव्हलपरमधला हायड्रोक्विनोन १२-१३ अंशांखाली जवळपास काम थांबवतो, आणि निगेटिव्ह फिकी, बिनकॉन्ट्रास्टची निघते. वेळ वाढवून ती कसर भरून निघत नाही. बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून द्रव २० अंशांवर आणा. धुण्याचं पाणीही तितकंच कोमट ठेवा. एकदम गार ओतलं तर इमल्शनला (फिल्मवरच्या चित्राच्या थराला) जाळीसारख्या सुरकुत्या पडतात, आणि त्या कशानेच जात नाहीत.