हंगाम शेवटाकडून मोजला तेव्हा

"मॅडम, दहा आठवडे कमवायचं आणि वर्षभर खायचं, असा आमचा धंदा. नेमके तेच दहा आठवडे बंद पडलेत. आता मी करू काय?"

2020 च्या कोरोनाच्या बंदच्या काळात हा प्रश्न मी बऱ्याच जणांकडून ऐकला. कुणाचे सहलीचे तंबू, कुणाची रोपवाटिका. इथे सांगतेय ती गोष्ट तलावावर होड्या चालवणाऱ्या एका कुटुंबाची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ चाळिशीतले. व्हिडिओवर बोलायला दारात उभ्या केलेल्या गाडीत बसायचे, कारण घरात आई-वडील, बायको, दोन मुलं आणि निवांत कोपरा एकही नाही. त्या वर्षी माझी निम्मी समुपदेशनं अशी गाड्यांमध्ये आणि गच्च्यांवर झाली.

पहिल्याच भेटीत मी चुकले. धीर द्यायचा म्हणून बोलून गेले, "हे सगळ्यांवरच आलंय." ते गप्प झाले. मग म्हणाले, "बारमाही दुकानाचे तीन महिने गेले तर नऊ उरतात. आमचे गेले तर काही उरत नाही." हिशेब चोख होता. त्यात हंगामी धंद्यात पैसा आधी जातो आणि मग येतो. आगाऊ नोंदणीचे पैसे इंजिन दुरुस्तीत आणि नव्या लाइफ जॅकेटांत कधीच गेले होते, आणि आता तेच पैसे परत मागणारे फोन येत होते. फोन वाजला की त्यांच्या पोटात गोळा यायचा. रात्री तीनपर्यंत बंद वाढला की उठला, एवढंच शोधत बसायचे.

जेवण, झोप, दारू यांबद्दल विचारलं. "जगणं नको, असं कधी वाटतं का?" हेही सरळ विचारलं. असं विचारलं की तो विचार डोक्यात शिरतो, हा लोकांचा गैरसमज आहे; उलट बोलायला वाट मिळते. तसं वाटत नव्हतं. वाटत असतं तर धंद्याचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना गाठलं असतं.

दुसऱ्या भेटीत खरी ठसठस कळली. वडील रोज तलावावर जाऊन होड्यांना रंग देत होते. एका सकाळी हे त्यांच्यावर ओरडले, "बसणार कोण आहे त्यात? कशाला रंग फासताय?" वडील काही बोलले नाहीत, घरी निघून आले. ब्रश तसाच डब्यात राहिला आणि वाळून काठीसारखा कडक झाला. तो ब्रश त्यांनी मला कॅमेऱ्यासमोर धरून दाखवला. चाळिशीचा माणूस, पण बोलताना आवाज पार लहान मुलाचा.

धंदा बुडाला असता तर दोघं मिळून रडले असते. पण तो धड बुडतही नव्हता. दर पंधरा दिवसांनी बंद वाढत होता आणि आशाही. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांबरोबर काम करताना अमेरिकन कुटुंब-समुपदेशक पॉलीन बॉस यांनी अशा अर्धवट नुकसानाबद्दल लिहिलंय: माणूस गेला म्हणून शोक करता येत नाही, येणार म्हणून निश्चिंतही राहता येत नाही. इथे भर एवढीच की "यंदा नको" हे शब्द जो उच्चारेल, त्यानेच आजोबांपासूनचा धंदा बुडवला असं होणार. म्हणून कुणीच उच्चारत नव्हतं.

मी त्यांना म्हटलं, बंद कधी उठेल हे तुमच्या हातात नाही, पण हंगाम कधी संपतो ते तुम्हाला पक्कं माहीत आहे. तिथून मागे मोजा. ही आकडेमोड त्यांनी वडिलांना शेजारी घेऊन केली. ती अट मात्र माझी. होड्या तपासून, मदतनीस बोलावून तलाव सुरू करायला बारा दिवस. त्यासाठीचा खर्च निघायला एरवी तीन आठवडे. अंतर राखायचं म्हणजे निम्मेच लोक आणि निम्मेच मदतनीस, म्हणून सहा. जागेचं भाडं आणि कर्जाचा हप्ता यात धरायचा नाही, हे वडिलांनीच सांगितलं. उघडा की बंद ठेवा, ते जाणारच. सत्तर दिवसांतून बेचाळीस आणि बारा वजा केले की सोळा. हंगामाच्या सोळाव्या दिवसापर्यंत परवानगी आली तर उघडायचं. त्यानंतर आली, तर उघडण्यातच जास्त तोटा. तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिली, वडिलांच्या हातानं.

बातम्या आणि परताव्याचे फोन यांसाठी रोज संध्याकाळचा अर्धा तास ठरवला, एरवी फोन बायकोकडे. काळजीला ठरावीक वेळ द्यायची ही युक्ती जुनी. मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी ती 1983 मध्ये तपासली होती. नोंदणीवाल्यांनी फोन करायची वाट न बघता यांनीच एकेकाला फोन लावला: पैसे तीन हप्त्यांत परत, किंवा पुढच्या हंगामाची नोंदणी. बरेच जण पुढच्या हंगामावर थांबले. दोघांनी शिव्या घातल्या. त्याही रात्री झोप लागली, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

परवानगी आली ती तेविसाव्या दिवशी. शेजारच्या तलावावर दुसऱ्याच दिवशी लगबग सुरू झाली, तेव्हा त्यांचा जीव खालीवर झाला. मला फोन केला. मी विचारलं, "कॅलेंडर काय म्हणतंय?" थोडं थांबून म्हणाले, "बाबा ताडपत्री आणायला गेलेत."

होड्या पालथ्या घालून दोघांनी झाकल्या. शेवटच्या भेटीत ते प्रथमच गाडीत नव्हते, तलावाच्या काठावर बसले होते. म्हणाले, "पुढच्या वर्षी धंदा माझ्या हातात देणार की नाही, हे बाबांना कधी विचारलंच नाही." त्यासाठी एक वेळ आणखी ठरवली, दोघांची मिळून.