‘कॉल ऑफ द व्हॅली’मधली गिटार

प्रश्न : ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका आमच्या घरात दोन पिढ्या आवडीने ऐकत आल्या आहेत. परवा मात्र एका जाणकार गृहस्थांनी ‘हे रागसंगीत नव्हे, पार्श्वसंगीत’ असे म्हणून तिची बोळवण केली. गिटारवर राग वाजवणे तर त्यांना मुळातच मान्य नाही. जाणकार आणि श्रोते यांच्या मतांत एवढे अंतर का?

उत्तर : त्या गृहस्थांचा आक्षेप जुनाच आहे आणि मैफलीच्या मोजपट्टीने पाहिले तर तो खोटाही नाही. एलपीच्या, म्हणजे जुन्या तबकडीच्या, एका बाजूवर जेमतेम वीसेक मिनिटे मावतात. अशा दोन बाजूंत काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस बसवायचा, म्हणून अहिर भैरव, नट भैरव, पिलू, भूप, देस आणि पहाडी हे राग एकामागून एक येतात, आणि ज्या रागाच्या नुसत्या आलापाला मैफलीत अर्धा तास पुरत नाही, तो इथे काही मिनिटांत आटोपतो. परंतु एचएमव्हीने १९६७ मध्ये काढलेली ही मुद्रिका रागविस्तारासाठी नव्हतीच. तिला प्रहर आणि परिसर उभा करायचा होता, आणि रागाचे नावही ठाऊक नसलेल्या श्रोत्यांपर्यंत तो पोहोचला. परदेशातल्या तिच्या चाहत्यांत ‘बीटल्स’चे जॉर्ज हॅरिसन यांचेही नाव घेतले जाते. तिचे निर्माते जी. एन. जोशी, म्हणजे ‘रानारानांत गेली बाई शीळ’ गाणारे आपले भावगीत गायक. थोडक्या मिनिटांत वातावरण उभे करण्याची कला त्यांना वेगळी शिकवावी लागली नसणार.

आता गिटारविषयी. त्या काळी हवाईयन गिटार म्हणजे सिनेमाच्या गाण्यांच्या धुना, अशीच सर्वसाधारण समजूत होती. त्यामुळे उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य असूनही या मुद्रिकेत ती वाजवणाऱ्या ब्रिजभूषण काबरा यांच्याकडे अनेकांनी संशयानेच पाहिले. वास्तविक मुद्रिकेतल्या तिघा वादकांत मींडेसाठी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी, त्यांच्याइतके सोयीचे वाद्य दुसऱ्या कोणाकडे नव्हते. शिवकुमार शर्मांच्या संतूरवर स्वर आघाताने उमटतो आणि लगेच विरू लागतो. हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीला श्वासाची मर्यादा आहे. गिटार मात्र आडवी ठेवून तारेवर धातूची सळई सरकवली, की एका स्वरातून दुसऱ्यात न तुटता जाता येते. अहिर भैरवातल्या कोमल ऋषभावर (‘रे’ या स्वरावर) सळई किंचित पुढेमागे डोलवली, तर अपेक्षित आंदोलन, म्हणजे स्वराचा हलका झोका, मिळते. पडदे दाबून वाजवायच्या गिटारवर ते असे साधणे कठीण, आणि माझ्या मते आक्षेप घेणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा तीच गिटार असते.

मला खरी तक्रार करायची असेल, तर ती जाणकारांपेक्षा आपल्यासारख्या चाहत्यांविषयी आहे. आपण मुद्रिका डोक्यावर घेतली, पण काबरांना विसरलो. शिवकुमार आणि हरिप्रसाद ‘सिलसिला’ चित्रपटाच्या संगीतापासून ‘शिव-हरी’ म्हणून घरोघरी पोहोचले, आणि नव्वदच्या दशकात या मुद्रिकेची आठवण जागवणारी ‘द व्हॅली रिकॉल्स’ निघाली, तेव्हा त्या दोघांच्या शेजारी गिटार नव्हती. २०१८ मध्ये काबरा गेले. त्या गृहस्थांना पुन्हा घरी बोलावलेत, तर पहिल्या बाजूचा आरंभ चहाच्या गप्पांविना ऐकवा आणि फक्त गिटारच्या ऋषभाकडे कान द्यायला सांगा.