पेंग्विन आधी, बर्फ नंतर

प्रश्न: मुंबईत राणीच्या बागेत पेंग्विन काचेआड पाहिले. आत बर्फाचा डोंगर वगैरे काही नव्हता. बर्फाशिवाय हा पक्षी राहतो कसा? (एक वाचक, कल्याण)

उत्तर: तिथले पेंग्विन हंबोल्ट जातीचे आहेत. त्यांचे घर पेरू आणि चिलीचा किनारा. पाठीमागे कोरडे वाळवंट, समोर थंड सागरी प्रवाह, आणि बर्फाचे नाव नाही. वातानुकूलन लागते ते मुंबईच्या दमट उकाड्यामुळे. पुढच्या वेळी त्यांच्या चोचीच्या बुडाशी बघा. तिथे गुलाबी, पिसे नसलेली कातडी दिसेल. अंगातली जादा उष्णता बाहेर टाकायची ती जागा.

घराण्याचा इतिहास पाहिला तर बर्फ उशिराच आला. आतापर्यंत सापडलेल्या सर्वांत जुन्या पेंग्विनांपैकी एक म्हणजे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर वायपारा नदीकाठी मिळालेला ‘वाइमानू’. माओरी भाषेत वाइ म्हणजे पाणी आणि मानू म्हणजे पक्षी, थोडक्यात आपला पाणपक्षीच! त्याचे वय सुमारे ६ कोटी १० लाख वर्षे, म्हणजे डायनोसॉर संपून जेमतेम पन्नास लाख वर्षे झाली होती. अंटार्क्टिकावर बर्फाची मोठी चादर पसरली ती सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी.

गंमत अशी की थंडीची सोयही बर्फाआधीच झाली. पेंग्विनाच्या पंखात धमन्यांची जाळी असते. शरीरातून निघालेले गरम रक्त परतणाऱ्या गार रक्ताला वाटेतच ऊब देते, त्यामुळे उष्णता पाण्यात वाया जात नाही. या धमन्यांच्या खाचा दंडाच्या हाडावर उमटतात, म्हणून त्या जीवाश्मातही वाचता येतात. निदान ४ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीच्या हाडांपर्यंत त्यांचा माग लागतो, आणि तेव्हाची पृथ्वी आजच्यापेक्षा बरीच उबदार होती. हवा कितीही गरम असो, तासन्‌तास पाण्यात शिकार करणाऱ्याला गारठा लागतोच.

प्रश्न: एखाद्या हाडावरून तो पेंग्विन होता आणि त्याचे वजन दीडशे किलो होते, हे कसे सांगतात? (एक वाचक, सातारा)

उत्तर: नेमके कोणते हाड हाती लागले यावर सगळे अवलंबून. सगळ्यात बोलके हाड पायाचे. कोंबडीच्या पायाचा खवल्यांचा पिवळा भाग आठवा. त्याच्या आत तीन हाडे जुळून झालेली एक लांब, सडपातळ दांडी असते. पेंग्विनात तेच हाड आखूड आणि रुंद, आणि जोडाच्या खाचा इतक्या ठळक की तीन हाडे वेगवेगळी मोजता यावीत. न्यूझीलंडहून आलेल्या अशा एकाच हाडावरून इंग्रज जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सली यांनी १८५९ मध्ये पहिल्या जीवाश्म पेंग्विनाचे वर्णन केले.

दुसरी खूण दंडाच्या हाडाची. ते फळीसारखे चपटे असते. उडणाऱ्या पक्ष्यांची बरीच हाडे हवा भरलेली, पातळ भिंतींची असतात. पेंग्विनाची मात्र जाड आणि भरीव, बुडी मारताना वजन म्हणून उपयोगी पडणारी. अशी हाडे गाळात टिकतातही चांगली, म्हणून पेंग्विनांचे जीवाश्म पक्ष्यांच्या मानाने बरेच मिळतात.

आता वजन. हयात पेंग्विनांच्या हाडांची मापे आणि त्यांची वजने यांचे गणित आधी मांडतात, मग त्यात जीवाश्माचे माप घालतात. न्यूझीलंडच्याच ‘कुमिमानू फोर्डायसी’चे (नामकरण २०२३) वजन असेच सुमारे १५० किलो निघाले. आजचा सर्वांत मोठा पेंग्विन, एम्परर, साधारण ४० किलोपर्यंत जातो. कच्चा दुवा इथेच आहे. चाळीस किलोपर्यंतच्या पक्ष्यांवर बेतलेले गणित दीडशेपर्यंत ताणावे लागते. तेव्हा आकडा मागेपुढे होणार हे धरून चाला. ‘माणसाएवढा उंच’ असे मथळे तर आणखी जपून वाचावेत, कारण जुन्या पेंग्विनांच्या शरीराचे प्रमाण आजच्यासारखे नव्हते.

प्रश्न: एकीकडे पेंग्विन ६ कोटी वर्षांपूर्वीचे म्हणतात, दुसरीकडे २ कोटी. खरे काय? (एक वाचक, पणजी)

उत्तर: दोन्ही, कारण प्रश्न दोन आहेत. एखादे घराणे शिवकाळापर्यंत मागे जाते, पण आज हयात असलेल्या चुलतभावांचा समाईक पणजोबा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा निघतो. तसेच हे. अल्बट्रॉस-पेट्रेल या उडणाऱ्या समुद्रपक्षी नातलगांपासून पेंग्विन वेगळे झाले ते ६ कोटी वर्षांच्याही आधी. आजच्या सर्व जातींचा समाईक पूर्वज मात्र बराच अलीकडचा. कुमिमानूसारखे अवाढव्य पेंग्विन ज्या शाखांचे, त्या शाखा निर्वंश झाल्या.

वाद आहे तो या पणजोबाच्या तारखेवर. २००६ मध्ये मोजक्या जनुकांवरून सुमारे ४ कोटी वर्षे हा आकडा आला, जन्मस्थान अंटार्क्टिका. २०१७ मध्ये जीवाश्म आणि जनुके एकत्र मांडली तेव्हा तो सव्वा कोटीच्या आसपास आला. २०२० मध्ये १८ जातींचे संपूर्ण जनुकसंच तपासून सुमारे २ कोटी २० लाख, आणि जन्मस्थान ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा किनारा. २०२२ च्या अभ्यासात पुन्हा सुमारे १ कोटी ४० लाख.

एवढी तफावत का? डीएनएतले फरक मोजता येतात, पण ते साठायला किती वर्षे लागली हे डीएनए सांगत नाही. या घड्याळाला काटे आहेत, आकडे नाहीत. आकडे जीवाश्मावरून घालावे लागतात. शिवाय जीवाश्म ‘निदान इतके जुने’ एवढीच हमी देतो. निर्वंश शाखेतला पक्षी चुकून हयात शाखेत बसवला की सगळ्या तारखा मागे सरकतात. म्हणून नवा आकडा वाचलात की घड्याळ कोणत्या जीवाश्मावर लावले होते ते आधी बघा.

प्रश्न: पेंग्विनाला माशाची चव कळते का? (इयत्ता सातवीतली वाचक)

उत्तर: आंबट-खारट कळत असावे. गोड, कडू आणि मांसमाशांची ती खास रुची ओळखणारी जनुके मात्र निकामी झाली आहेत किंवा नाहीशीच झाली आहेत, असे २०१५ मध्ये दिसून आले. या चवींचा निरोप मेंदूकडे पोचवणारे एक प्रथिन कडाक्याच्या थंडीत नीट काम करत नाही, हे त्यामागचे कारण असू शकते. तसेही त्याचे फारसे अडत नाही. मासा अख्खाच गिळायचा असतो!