मनोरा दूर, अँटेना मात्र धावपट्टीपाशीच

प्रश्न : लंडन सिटी विमानतळावरची विमाने आता शंभर किलोमीटरहून दूर बसलेले नियंत्रक हाताळतात, असे वाचले. इतक्या अंतरावरून त्यांचा रेडिओ वैमानिकापर्यंत कसा पोहोचतो? आणि मध्येच संपर्क तुटला तर?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण वाचलेले खरे आहे. स्वीडनमधील अर्नशोल्ड्सविक विमानतळाचे नियंत्रण २०१५ मध्ये सुंड्सव्हालहून सुरू झाले आणि २०२१ पासून लंडन सिटीचे नियंत्रक हॅम्पशायरमधील स्वॉनिक येथे बसतात. मात्र त्यांचा रेडिओ स्वॉनिकहून प्रक्षेपित होत नाही. वैमानिक व नियंत्रक ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या ज्या पट्ट्यात बोलतात, त्याच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. त्यामुळे शंभर किलोमीटरवर जमिनीवर उभ्या असलेल्या विमानापर्यंत त्या पृथ्वीच्या वक्रतेमुळे पोहोचणारच नाहीत. म्हणूनच प्रक्षेपक (ट्रान्समीटर), ग्राहक (रिसीव्हर) आणि अँटेना विमानतळाच्या परिसरातच राहतात, नियंत्रकाचा आवाज तिथपर्यंत फायबरच्या जाळ्यातून जातो आणि तिथून पुढे तो नेहमीसारखा हवेत सोडला जातो. वैमानिकाच्या कानाला काहीच बदललेले जाणवत नाही, आणि ही गोष्ट मला या रचनेतील सर्वांत शहाणपणाची वाटते.

शिस्तही जुनीच आहे. उतरण्याची परवानगी मिळाली की वैमानिक ती धावपट्टीच्या क्रमांकासह परत उच्चारतो आणि नियंत्रक ते शब्द ताडून पाहतो. खिडकीऐवजी पडद्यावर पाहणाऱ्या नियंत्रकासाठी ही खातरजमा तेवढीच मोलाची आहे, कारण कॅमेऱ्याचे चित्र त्याच्यापर्यंत किंचित उशिराने पोहोचते.

आता आपली शंका, जी अगदी रास्त आहे. नवा धोका हवेतल्या लहरींत नसून त्या लांबलेल्या तारेत आहे. म्हणून आवाज व चित्रे एकाच तारेवर न सोपवता स्वतंत्र मार्गांनी नेली जातात, जेणेकरून खोदकामात एक तार तुटली तरी दुसरी चालू राहावी. विमानाचाच रेडिओ बंद पडला तर वैमानिक ट्रान्सपाँडरवर, म्हणजे विमानाची ओळख रडारला कळवणाऱ्या यंत्रावर, ७६०० हा संकेतांक लावतो आणि नियंत्रक त्याला दिव्याने खुणावतो : हवेतल्या विमानासाठी स्थिर हिरवा म्हणजे उतरण्यास परवानगी, तर स्थिर लाल म्हणजे इतर विमानांना वाट देऊन घिरट्या घालत राहा. पूर्वी मनोऱ्यातून हाताने रोखला जाणारा हा दिवा आता कॅमेऱ्यांच्या खांबावर असतो आणि नियंत्रक तो दुरूनच विमानाकडे वळवतो.